गाणं ऐकू येतं, 'डावीकडे वळा' मात्र गायब

मोटारसायकलवर आहोत, फाटा पाचशे मीटरवर आहे. हेल्मेटमधल्या ब्लूटूथ हेडसेटवर गाणं चालू आहे. मधेच गाणं थांबतं, दोन-तीन सेकंद सगळं सामसूम, आणि गाणं जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू. त्या सामसुमीत मॅपवाली बाई 'डावीकडे वळा' म्हणून गेलेली असते. फक्त आपल्या कानात म्हणालेली नसते. फाटा मागे पडतो आणि पुढे सहा किलोमीटर जाऊन उलटं फिरावं लागतं.

मी हे दीड वर्ष सोसलं. उपाय ठरलेला: घरी यायचं, फोनच्या यादीतून हेडसेट काढून टाकायचा, पुन्हा पेअर करायचा, म्हणजे नव्याने जोडायचा. लगेच सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेपर्यंतही ठीक. मग ये रे माझ्या मागल्या. या काळात मी एक हेडसेट बदलला, दोन अ‍ॅप बदलली, हेल्मेटचं अस्तर काढून स्पीकरच्या वायरी पुन्हा बसवल्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हेडसेट बिचारा पहिल्यापासून धडधाकट होता.

पुन्हा पेअर केलं की सुटतं आणि काही तासांनी परत येतं, असा दोष असेल तर बहुतेक वेळा काही तुटलेलं नसतं. कोण कधी जोडलं गेलं, याचा क्रम चुकलेला असतो. हे एवढं आधी कळलं असतं तर माझा दुसरा हेडसेट वाचला असता.

दोरी एक नाही, तीन आहेत

ब्लूटूथ जोडलं म्हणजे फोन आणि हेडसेटमध्ये एक अदृश्य दोरी बांधली गेली, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिथे निदान तीन वेगळ्या दोऱ्या असतात. पहिली गाण्यांची, तिचं तांत्रिक नाव ए-टू-डी-पी. आवाज स्टीरिओ, दर्जा चांगला, पण वाहतूक एकेरी: फोनकडून कानाकडे. दुसरी कॉलची, एच-एफ-पी. ही दुहेरी, कारण कॉलवर आपणही बोलतो. पण तिचा आवाज मोनो आणि बारीक. जुन्या पद्धतीत सेकंदाला आवाजाचे 8,000 नमुने, नव्या उपकरणांत 16,000. तिसरी बटणांची, म्हणजे हेल्मेटवरचं बटण दाबून पुढचं गाणं लावता येतं ती.

आता खरी गोम. या तीन दोऱ्या एकाच उपकरणाला बांधलेल्या असायलाच हव्यात असं नाही. गाण्यांची दोरी हेडसेटला आणि कॉलची दोरी भलत्यालाच, हे फोनला अगदी मान्य असतं. तो तक्रार करत नाही. ब्लूटूथच्या यादीत दोन्ही नावांखाली 'जोडलेले' दिसतं आणि आपण समाधानाने हेल्मेटचा पट्टा आवळतो.

मॅपच्या सूचना यांपैकी कुठल्या दोरीवरून जातात? ते अ‍ॅपवर आणि तुम्ही कधीतरी दाबलेल्या एखाद्या पर्यायावर अवलंबून असतं. नेहमीची वाट गाण्यांची: गाणं हळू होतं, त्यावर सूचना येते, गाणं परत मोठं होतं. पण काही अ‍ॅपमध्ये 'ब्लूटूथ फोन कॉल म्हणून वाजवा' असा पर्याय असतो. तो चालू असेल तर फोन प्रत्येक सूचनेसाठी एक खोटा कॉल उघडतो, गाणं थांबवतो, सूचना कॉलच्या दोरीवरून पाठवतो आणि कॉल बंद करतो.

म्हणून पहिली गोष्ट ही बघायची की सूचनेच्या वेळी गाण्याचं नेमकं काय होतं. नुसतं हळू होतं, की पूर्ण थांबतं, की त्याला काहीच होत नाही? रोगाचं निदान इथे निम्मं होतं.

गाडी स्टँडवर, हेल्मेट डोक्यावर

तपासणी चालत्या गाडीवर करायची नाही. एक तर जिवाशी खेळ, आणि दुसरं म्हणजे वाऱ्यात काहीच धड कळत नाही. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन बंद, हेल्मेट डोक्यावर आणि गाणं चालू, अशी सुरुवात करा. गूगल मॅप्सच्या सेटिंग्जमध्ये चाचणीचा आवाज वाजवायची सोय आहे, ती वापरा. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये तशी सोय नसेल तर कुठलाही मार्ग सुरू करा. निघतानाची पहिली सूचना लगेच येतेच.

गाण्याला काहीच झालं नाही आणि सूचनाही आली नाही, तर अ‍ॅपच मुका आहे. मॅपवरचं छोटं स्पीकरचं चिन्ह बघा. त्याच्या तीन अवस्था असतात: सगळं बोल, फक्त इशारे दे, गप्प बस. हातमोज्याचा अंगठा त्यावर किती सहज पडतो हे ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको. चिन्ह ठीक असेल तर 'आवाज ब्लूटूथवर वाजवा' ही खूण तपासा. ती निघालेली असली की सूचना फोनच्या स्वतःच्या स्पीकरमधून येते. स्टँडवर ती ऐकू येते, रस्त्यावर हँडलवरच्या खोक्यातला तो एवढासा आवाज वाऱ्यात विरून जातो.

गाणं हळू झालं, सूचना आली, पण अगदी क्षीण? मग सूचनेचा आवाज वेगळा वाढवावा लागतो, आणि तो वाढवायची वेळ महत्त्वाची. फोनचं आवाजाचं बटण त्या क्षणी जे वाजत असेल त्याचाच आवाज वाढवतं. तेव्हा चाचणीचा आवाज चालू असताना बटण दाबा, गाणं चालू असताना नव्हे. शिवाय अ‍ॅपमध्ये सूचना मोठी, मध्यम किंवा हळू ठेवायचा स्वतंत्र पर्याय असतो, तो मोठ्यावर ठेवा. कॉलच्या दोरीवरून सूचना येत असतील तर कॉलचा आवाज वेगळा आणि गाण्याचा वेगळा, हेही लक्षात असू द्या. हेडसेट ही दोन्ही मापं निरनिराळी जपून ठेवतो.

आणि गाणं पूर्ण थांबलं, सामसूम झाली, परत सुरू झालं, तर तुम्ही माझ्या जातीचे. सूचना कॉलच्या दोरीवरून निघाली आहे आणि त्या दोरीचं दुसरं टोक हेडसेटपाशी नाही.

चोर समोरच बसला होता

माझ्याकडे ती दोरी गाडीच्या रंगीत कन्सोलने पळवली होती. हल्ली अशा पडद्यावर फोन करणाऱ्याचं नाव दिसतं, गाण्याचं नाव दिसतं, वळणाचा बाण दिसतो. नाव दाखवायचं तर त्याला फोनशी हँड्सफ्री म्हणून जोडून घ्यावं लागतं, म्हणजे तो कॉलची दोरी मागतो. त्याला स्पीकर आहे का? नाही. फोनला याची कल्पना आहे का? तीही नाही. फोन आपला इमानेइतबारे 'डावीकडे वळा' स्पीडोमीटरच्या कानात सांगत राहिला.

मग पुन्हा पेअर केल्यावर कसं सुटत होतं? बऱ्याच फोनमध्ये जो शेवटी जोडला गेला, त्याच्याकडे आवाज जातो. घरात हेडसेट नव्याने पेअर केला की शेवटचा तोच. दुसऱ्या दिवशी मी आधी गाडीची किल्ली फिरवायचो, कन्सोल जोडला जायचा, मग हेल्मेट घालून हेडसेट चालू करायचो. पुन्हा शेवटचा हेडसेटच. सगळं छान. पण वाटेत पेट्रोल भरायला थांबलो की किल्ली बंद, मग चालू. हेडसेट तोवर चालूच. आता कन्सोल नंतर जोडला गेला आणि कॉलची दोरी त्याच्याकडे गेली. दीड वर्षात मला एकदाही सुचलं नाही की सूचना नेहमी टाकी भरल्यानंतरच गायब होतात. मी तर पंपाजवळच्या मोबाइल टॉवरला दोष देऊन मोकळा झालो होतो.

खात्री करायला दोनच मिनिटं लागतात. सगळं नीट वाजत असताना, हेडसेट तसाच चालू ठेवून, गाडीची किल्ली बंद करा आणि परत फिरवा. पडदा उजळून ब्लूटूथचं चिन्ह येईपर्यंत थांबा. मग चाचणीचा आवाज वाजवा. आता सामसूम झाली तर चोर सापडला.

उपाय दोन आहेत. अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथच्या यादीत कन्सोलच्या नावापुढच्या चाकावर बोट ठेवलं की 'फोन कॉल' आणि 'मीडिया ऑडिओ' असे वेगवेगळे पर्याय दिसतात. कन्सोलपुढचा 'फोन कॉल' बंद करा. पडद्यावर कॉल करणाऱ्याचं नाव दिसेनासं होईल, एवढाच तोटा. मला गाडी चालवताना कोणाचा फोन आहे हे बघायचंच नसतं, त्यामुळे मला तो तोटाही वाटला नाही. आयफोनमध्ये प्रत्येक उपकरणासाठी असे वेगळे पर्याय नसतात. तिथे अ‍ॅपमधला 'फोन कॉल म्हणून वाजवा' बंद करायचा, म्हणजे सूचना गाण्याच्या दोरीवरून येतील.

हा पर्याय माझ्या अ‍ॅपमध्ये चालू कोणी केला होता? मीच. जुन्या हेडसेटवर सूचनेचा पहिला शब्द गिळला जायचा म्हणून. त्या रोगाकडे खाली येतोच.

एक सावधगिरी. काही गाड्यांमध्ये रचनाच वेगळी असते: फोन गाडीला जोडायचा, हेडसेटही गाडीलाच जोडायचा, आणि आवाज गाडीमार्फत कानात. तिथे कन्सोलची दोरी कापली तर सगळंच बंद पडेल. होंडाची 2018 ची गोल्ड विंग ही अ‍ॅपल कारप्ले (आयफोन गाडीच्या पडद्यावर वापरायची सोय) असलेली पहिली मोटारसायकल. तिच्यात हेडसेट जोडल्याशिवाय कारप्ले सुरूच होत नाही. अशा गाडीवर हेडसेट फोनलाही परस्पर जोडून ठेवलात तर एका म्यानात दोन तलवारी होतात. फोनच्या यादीतून हेडसेट काढा आणि फक्त गाडीला जोडा.

'…वीकडे वळा'

सूचना येते, पण सुरुवात कापलेली. 'दोनशे मीटरवर उजवीकडे वळा' यातलं फक्त 'वीकडे वळा' कानात पडतं. उजवीकडे की डावीकडे, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मराठीत दोन्ही शब्दांचा शेवट सारखाच असल्यामुळे आपली पंचाईत जरा जास्तच होते.

हा दोष गाणं चालू असताना येत नाही, फक्त शांततेत येतो, आणि त्यातच कारण दडलेलं आहे. आवाज येत नसेल तर बॅटरी वाचवायला हेडसेट गाण्याची वाट बंद करून डुलकी घेतो. सूचना आली की जागा होतो, पण तेवढ्यात अर्धा-एक सेकंद गेलेला असतो. अ‍ॅप त्याच्यासाठी थांबत नाही. हेडसेट जागा राहील असं काहीतरी वाजत ठेवणं हाच खात्रीचा उपाय: अगदी हळू गाणं, नाहीतर निव्वळ शांततेची लांबलचक ध्वनिफीत. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण मी शांत रस्त्यांवर गेली कित्येक महिने तासाभराची शांतताच वाजवतो आणि एकही अक्षर गेलेलं नाही. बॅटरी थोडी जास्त जाते, इतकंच.

याच घराण्यातलं दुसरं लक्षण: गाणं अचानक जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखं चिरकं, पातळ होतं आणि तसंच राहतं. कॉलची दोरी उघडी राहिली आहे. फोनमधलं काहीतरी मायक्रोफोन धरून बसलंय. बहुधा बोलून आज्ञा घेणारा सहायक असतो किंवा पार्श्वभूमीला चालू राहिलेलं एखादं रेकॉर्डिंग. फोनच्या वरच्या कडेला मायक्रोफोनचा छोटा ठिपका दिसतो, तो कुठल्या अ‍ॅपचा आहे ते बघून त्याला बंद करा.

फोन, वेगळा नेव्हिगेटर आणि मागे बसलेली व्यक्ती

तीन आवाज एका कानात आले की हेडसेटला रांग लावावीच लागते. सहसा कॉल सर्वांत वर, त्याखाली नेव्हिगेटर (रस्ता दाखवणारं वेगळं जीपीएस यंत्र), मग इंटरकॉम, म्हणजे मागच्या माणसाशी बोलायची वाट, आणि गाणं शेवटी. ही रांग आपल्या मनासारखी नसेल तर दोष जोडणीत शोधू नका. हेडसेटच्या अ‍ॅपमध्ये तो क्रम किंवा दोन आवाज एकावर एक ऐकवायची सोय आहे का ते बघा. नसेल तर नाही. जुन्या हेडसेटवर मागचा माणूस बोलत असताना गाणं पूर्ण थांबतं, कारण त्याला एका वेळी एकच वाट उघडता येते. त्यावर इलाज नाही.

हँडलवर स्वतंत्र नेव्हिगेटर लावणाऱ्यांची नेहमीची चूक: तो हेडसेटला 'फोन' म्हणून जोडणं. बहुतेक हेडसेटमध्ये पहिला फोन, दुसरा फोन आणि जीपीएस यांच्यासाठी पेअरिंगच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, बटणं किती सेकंद दाबायची यावर ठरलेल्या. नेव्हिगेटर पहिल्या फोनच्या जागी बसवला की खरा फोन रस्त्यावर. सगळं पुसून नव्याने सुरू करायचं असेल तर जोडी दोन्हीकडून पुसा: फोनच्या यादीतूनही आणि हेडसेटच्या आठवणीतूनही. एकाच बाजूने पुसलं तर दुसरी बाजू जुनीच किल्ली घेऊन दार वाजवत बसते आणि 'जोडता आले नाही' असं येत राहतं. मग आधी फोन, तो नीट वाजला की नेव्हिगेटर, शेवटी इंटरकॉम. प्रत्येक पायरीनंतर चाचणी. तिन्ही एकदम जोडून मग काय बिघडलं ते शोधणं म्हणजे गुंता आपल्याच हाताने घालणं.

तुटक आवाज

ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि त्या पट्ट्यातल्या 79 खिडक्यांमधून सेकंदाला 1,600 उड्या मारतं, म्हणजे एखादी खिडकी गजबजलेली असली तरी पुढची मोकळी मिळावी. तरीही आवाज तुटत असेल तर दोन संशयित आहेत.

पहिला तुमचं स्वतःचं शरीर. या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि आपण बहुतांशी पाणीच आहोत. फोन पँटच्या उजव्या मागच्या खिशात आणि हेडसेटचा अँटेना हेल्मेटच्या डाव्या गालावर असेल तर मध्ये अख्खं धड येतं. घरात हे जाणवत नाही, कारण लहरी भिंतींवर आपटून वळसा घेतात. मोकळ्या रस्त्यावर आपटायला काहीच नसतं. डावीकडे मान वळवली की आवाज येतो आणि सरळ बघितलं की तुटतो, असं होत असेल तर फोन जॅकेटच्या डाव्या छातीच्या खिशात ठेवून बघा.

दुसरा संशयित हेल्मेटवर चिकटवलेला कॅमेरा. त्याचं वाय-फाय चालू राहिलं असेल तर ते त्याच पट्ट्यात, अँटेनापासून वीतभर अंतरावर ओरडत असतं. रेकॉर्डिंगला वाय-फाय लागत नाही. बंद करा.

इंजिनाबरोबर चढणारी शीळ

हा रोग फक्त वायरवाल्यांना होतो. फोन गाडीवर चार्ज होतोय आणि त्याच फोनमधून वायरने आवाज घेताय, तर कानात एक बारीक शीळ येते. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की शीळ चढते, सोडला की उतरते. आवाजाच्या आणि चार्जिंगच्या वायरींचं अर्थिंग दोन वाटांनी गाडीला मिळतं आणि त्या वेटोळ्यातून अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर वीज बनवणाऱ्या यंत्राची, खरखर कानापर्यंत पोचते. चार्जरची पिन उपटा. शीळ तत्क्षणी गेली तर निदान पक्कं. आवाजाच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी बसवायची. आत दोन वेगळी वेटोळी असतात; आवाज चुंबकत्वाने पलीकडे जातो, वीज जात नाही. ब्लूटूथवर हा प्रश्नच येत नाही. अपवाद फक्त इंटरकॉमचाच डबा गाडीवर चार्ज करत चालवण्याचा.

चार्जिंगचं दुसरं दुखणं जास्त जणांना असतं: फोन लावलेला असूनही टक्के उतरत जातात. 5 व्होल्टला 1 अँपिअर देणारा चार्जर म्हणजे 5 वॅट. उन्हात पूर्ण उजेडावर ठेवलेला पडदा, जीपीएस आणि नेटवर्क मिळून तेवढं खाऊन टाकतात. बॅटरीत जायला काही उरतच नाही. चार्जर दमदार असूनही असं होत असेल तर वायर बदला. यूएसबीच्या डेटाच्या दोन तारा चार्जरच्या टोकाला नीट जोडलेल्या नसतील तर फोनला वाटतं आपण संगणकाला लागलोय, आणि तो 500 मिलिअँपिअरच्या वर मागतच नाही. त्या तारा नीट जुळल्या की तोच फोन 1.5 अँपिअरपर्यंत घेतो.

चार्जर थेट बॅटरीला जोडलाय? मग तो गाडी बंद असतानाही थोडं पीत राहतो. 20 मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास होतो. 8 अँपिअर-तासांची बॅटरी आठ दिवसांत निम्मी, आणि नवव्या दिवशी स्टार्टर नुसता टकटक करतो. किल्लीबरोबर आपोआप चालू-बंद होणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, घाला, आणि बॅटरीच्या जवळ फ्यूज. फ्यूजशिवाय वायर ओढणाऱ्याचं काम मी तरी गाडीला लावून घेणार नाही.

ऊन, पाऊस, थरथर

फोन तापला की आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, शेवटी बंद पडतो. आयफोनसाठी अ‍ॅपलने वापराची मर्यादा भोवतालच्या 35 अंश सेल्सिअसपर्यंत दिलेली आहे. उन्हात, काळ्या पिशवीच्या पारदर्शक खिशात ती केव्हाच ओलांडली जाते. पिशवी काढून उघड्या क्लॅम्पवर लावलं की वारा लागतो. बिनवायरचं चार्जिंग जास्त उष्णता करतं, कडक उन्हात वायरच बरी.

पावसात टच-स्क्रीन थेंबालाच बोट समजते आणि मॅप आपोआप हलायला लागतो. निघण्यापूर्वी मार्ग सुरू करा, पडदा बंद करून फोन खिशात ठेवा आणि कानावर विसंबा. मात्र बॅटरी सेव्हर चालू असेल तर अँड्रॉइड पडदा बंद झाल्यावर लोकेशन बंद करू शकतं. मॅपच्या अ‍ॅपला बॅटरीचं बंधन नको असं आधीच सांगून ठेवा.

थरथरीचं म्हणाल, तर सप्टेंबर 2021 मध्ये अ‍ॅपलनेच सूचना काढली होती की ताकदवान मोटारसायकल इंजिनाची थरथर दीर्घकाळ लागली तर कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची आणि फोकसची यंत्रणा बिघडू शकते. थरथर शोषणारे रबरी डँपर असलेला माउंट (फोन धरणारी पकड) घ्या, नाहीतर जुना फोन मॅपसाठी ठेवा.

बाण उलटा फिरतो

सिग्नलला थांबलं की मॅपवरचा बाण गरागरा फिरतो किंवा मागे तोंड करतो, निघालं की सरळ होतो. जीपीएसला आपण कुठे आहोत ते कळतं. तोंड कुठे आहे हे उभ्या गाडीवर ते सांगू शकत नाही. तेव्हा फोन त्याच्या होकायंत्राला विचारतो. आणि टाकीवर बसवलेल्या बॅगच्या तळाशी, फोनच्या अगदी खाली, चार तगडे चुंबक असतात! होकायंत्र त्यांनाच उत्तर दिशा समजतं. हवेत इंग्रजी आठचा आकडा काढून होकायंत्र दुरुस्त करायचा उपाय इथे टिकत नाही, कारण फोन परत त्याच बॅगेवर ठेवायचा असतो. फोन हँडलवर न्या. चुंबकी माउंटलाही हेच लागू.

आवाज वाढवण्याआधी स्पीकर सरकवा

'शंभरच्या वेगाला काही ऐकू येत नाही' असं म्हणणाऱ्या दहा जणांतल्या सात-आठ जणांचा स्पीकर चुकीच्या जागी असतो, असा माझा अंदाज. हेल्मेट घाला, खड्या बास असलेलं गाणं लावा आणि दोन्ही तळव्यांनी हेल्मेट कानांवर आत दाबा. आवाज आणि बास एकदम वाढले तर स्पीकर कानापासून लांब आहे. स्पीकरच्या मागे फोमची चकती घालून तो पुढे आणा. नंतर एका बाजूचा स्पीकर वेल्क्रोवरून पाऊण सेंटिमीटर वर, मग पुढे, असा सरकवत प्रत्येक वेळी हेल्मेट घालून बघा. हेल्मेट घालताना कानाची पाळी वर ओढली जाते, त्यामुळे आत कान आपल्या समजुतीपेक्षा थोडा वर असतो. माझा डावा स्पीकर फक्त एक सेंटिमीटर खाली होता. तो वर घेतल्यावर मी आवाज पंधरावरून दहावर आणला. मात्र जागा करायला हेल्मेटमधला थर्माकोल खरवडू नका. डोकं वाचवायचं काम त्याचंच.

ताशी 100 किलोमीटरला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज 95 डेसिबलच्या पुढे जातो. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने कानासाठी घातलेली मर्यादा अशी: 85 डेसिबलला दिवसाला 8 तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 94 ला एक तास, 100 ला फक्त 15 मिनिटं. त्यावर गाणं चढवायचं म्हणजे कानाची वाट लावायची. फोमचे इअरप्लग घालून बघा. उलटं वाटेल, पण प्लग घातल्यावर सूचना जास्त स्पष्ट येतात, कारण वाऱ्याचा घोंगाट कमी होतो आणि स्पीकर कानाला लागूनच असल्यामुळे त्याचा आवाज तरीही पुरतो. प्लग घालणं जिथे कायद्याला मान्य नसेल तिथे काच नीट बसवणं आणि हनुवटीखालचा पडदा लावणं एवढंच हातात उरतं.

तर, टाकी भरल्यावर गायब होणाऱ्या माझ्या सूचना 'फोन कॉल' बंद केल्यापासून चार महिने नीट होत्या. मग मागच्या आठवड्यात पुन्हा तीच सामसूम. आता घाबरलो नाही. थेट ब्लूटूथच्या यादीत गेलो. गाडीच्या कन्सोलला नवं सॉफ्टवेअर टाकलं होतं, त्यानंतर तो फोनला नव्याने पेअर करावा लागला होता, आणि नव्या जोडीबरोबर 'फोन कॉल' आपोआप चालू होऊन बसला होता. पंपावरच, हेल्मेट न काढता, वीस सेकंदांत बंद केला.